शाश्वत विकासाच्या जागतिक परिषदा : सरकारांची वचने, नागरी संघटनांची टीका आणि आपला हिशेब

'शाश्वत विकास उद्दिष्टे' हा शब्द गेल्या काही वर्षांत सारखा कानावर पडतो. महाविद्यालयाच्या भिंतीवर सतरा रंगीत चौकोनांचा फलक लागतो, स्पर्धा परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्याचा रकाना असतो आणि कंपन्यांच्या सीएसआर अहवालावर त्याचे चिन्ह छापलेले असते. मात्र ही उद्दिष्टे कोणी आणि कुठे ठरवली, ती पाळली नाहीत तर काय होते, असे आमच्या अभ्यासवर्गातील तरुणांना विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. एकाने तर सरळ सांगितले, "ते न्यूयॉर्कचं काम आहे, आपल्या वस्तीचा काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे. पन्नासहून अधिक वर्षे या परिषदा भरत आहेत. दरवेळी राष्ट्रप्रमुख वचने देतात आणि दरवेळी बाहेर जमलेले कार्यकर्ते ती अपुरी असल्याचे सांगतात. या दोन्ही बाजू नीट समजून घेतल्याशिवाय त्या वचनांचा आपल्याला उपयोग करून घेता येणार नाही. म्हणून कार्यकर्त्यांच्या हाताशी राहावी अशी ही माहिती एकत्र मांडत आहोत.

परिषदेत ठराव कसा होतो?

या परिषदांतून दोन प्रकारचे दस्तऐवज निघतात. पहिला प्रकार म्हणजे कायदेशीर करार. त्यावर देश सही करतो, नंतर आपल्या संसदेकडून किंवा सरकारकडून त्याला मान्यता घेतो आणि मग तो करार त्या देशावर बंधनकारक होतो. १९९२ चा हवामान बदलाचा आराखडा करार याच प्रकारातला. दुसरा प्रकार म्हणजे राजकीय जाहीरनामा. तो सर्वसंमतीने स्वीकारला जातो, पण मोडला म्हणून कोणत्याही न्यायालयात खटला भरता येत नाही. शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणजे ती नैतिक आणि राजकीय बांधिलकी आहे.

मसुदा परिषदेच्या आधी अनेक महिने तयारी बैठकांत लिहिला जातो. ज्या शब्दावर एकमत नसते तो चौकटी कंसात ठेवतात. शेवटच्या रात्रीपर्यंत हे कंस काढण्याची घासाघीस चालते. 'करू' या शब्दाच्या जागी 'करण्यास प्रोत्साहन देऊ' आले, किंवा मुदतीचे वर्ष गळून 'शक्य तितक्या लवकर' आले, की वचनाचा जीव जातो. बातमीत मात्र 'ऐतिहासिक सहमती' एवढेच येते. जाहीरनामा वाचताना आधी क्रियापद आणि मग मुदत पाहायची, ही सवय आपण लावून घेतली पाहिजे.

संघटनांना आत जायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा हा मुख्य मार्ग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ७१ मध्ये त्याचा आधार आहे. दर्जा देण्याची शिफारस करणाऱ्या समितीत सरकारांचे प्रतिनिधी बसतात. ज्यांच्यावर टीका करायची त्यांच्याच हातात दाराची किल्ली असते, ही अडचण पुढे जातीच्या प्रश्नाकडे येताना पुन्हा दिसेल.

स्टॉकहोम, १९७२

५ ते १६ जून १९७२ दरम्यान स्वीडनमधील स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरील पहिली मोठी परिषद झाली. ११३ देश आले होते. पूर्व जर्मनीला समान स्थान न मिळाल्यामुळे सोव्हिएत गटातील देशांनी बहिष्कार टाकला. यजमान पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले तर भाषणासाठी आलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. गरिबी आणि गरज कायम ठेवून पर्यावरण सुधारता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. श्रीमंत देशांनी आधी निसर्ग लुटून उद्योग उभारले आणि आता गरीब देशांना संयम शिकवतात, ही तक्रार तेव्हापासून प्रत्येक परिषदेत ऐकू येते.

या परिषदेने २६ तत्त्वांचा जाहीरनामा स्वीकारला. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम ही यंत्रणा तिच्यातून जन्मली आणि तिचे मुख्यालय नैरोबीला गेले. ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिनही इथूनच आला.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या जाहीरनाम्याच्या पहिल्याच तत्त्वात वर्णभेद, वांशिक विलगीकरण, भेदभाव आणि वसाहतवादी दडपशाही चालवणाऱ्या धोरणांचा निषेध केलेला आहे. पर्यावरणाच्या पहिल्या जागतिक दस्तऐवजाची सुरुवात माणसामाणसांतील विषमतेपासून झाली होती. पुढे पर्यावरण म्हणजे झाडे, वाघ आणि प्लास्टिक असे समीकरण झाले आणि हा धागा सुटत गेला.

रिओ, १९९२

ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या दिली : आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची क्षमता बाधित न करणारा विकास. या व्याख्येच्या आधारावर ३ ते १४ जून १९९२ दरम्यान ब्राझीलमधील रिओ दि जानेरोला 'वसुंधरा परिषद' भरली. १७२ सरकारे आणि शंभराहून अधिक राष्ट्रप्रमुख व सरकारप्रमुख आले.

या परिषदेचे फलित मोठे होते. हवामान बदल आणि जैवविविधता यांवरील दोन करार सहीसाठी खुले झाले. रिओ जाहीरनाम्यात २७ तत्त्वे आली. त्यांपैकी तीन कार्यकर्त्यांनी पाठ करावीत अशी आहेत. सातवे तत्त्व सांगते की जबाबदारी सर्वांची आहे पण सारखी नाही, कारण प्रदूषणातील वाटा सारखा नाही. दहावे तत्त्व नागरिकांना माहिती, निर्णयात सहभाग आणि न्याय या तीन गोष्टी देते. सोळावे तत्त्व प्रदूषण करणाऱ्याने खर्च भरावा असे म्हणते.

चाळीस प्रकरणांच्या 'अजेंडा २१' मध्ये नऊ 'प्रमुख गट' ठरवण्यात आले : महिला, मुले व तरुण, आदिवासी समूह, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, कामगार व संघटना, उद्योग-व्यापार, वैज्ञानिक आणि शेतकरी. या यादीत जातीमुळे वगळले गेलेले समुदाय नाहीत. शिवाय कारखानदार आणि त्याच्या कारखान्यातील कामगार हे दोघे एकाच पंगतीतील समान 'गट' धरले गेले.

पैशाचे वचन इथेच ढासळले. अजेंडा २१ राबवण्यासाठी विकसनशील देशांत वर्षाला सरासरी ६०० अब्ज डॉलर लागतील आणि त्यांपैकी १२५ अब्ज बाहेरून मदत म्हणून यावेत, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हे लक्ष्य तर १९७० च्या आमसभेच्या ठरावातले आहे. रिओत त्याचा पुनरुच्चार झाला. २०२३ मध्येही श्रीमंत देशांची एकत्रित मदत सुमारे ०.३७ टक्के होती आणि लक्ष्य गाठणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

शहराच्या दुसऱ्या भागात, फ्लामेंगो उद्यानात, नागरी संघटनांचा 'ग्लोबल फोरम' भरला होता. तिथे सुमारे १७ हजार लोक आले. त्यांनी कर्ज, व्यापार, लष्करी खर्च आणि बहुराष्ट्रीय कंपन्या या विषयांवर पर्यायी करार लिहिले, कारण अधिकृत मसुद्यात या विषयांना बगल दिली होती.

त्याच महिन्यात आपल्या जवळची एक घटना घडली. नर्मदा बचाव आंदोलनाच्या दबावामुळे जागतिक बँकेने सरदार सरोवर प्रकल्पाच्या तपासणीसाठी स्वतंत्र समिती नेमली होती. तिचा अहवाल जून १९९२ मध्ये आला आणि पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत त्याने बँकेवर कठोर ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये प्रकल्पासाठीचे बँकेचे उरलेले कर्ज थांबले. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या मणिबेलीसारख्या गावांतील आदिवासींनी पाण्यात उभे राहून केलेला संघर्ष त्यामागे होता. धरण थांबले नाही. पण रिओच्या दहाव्या तत्त्वात कागदावर आलेला माहितीचा आणि सहभागाचा हक्क गावातून मागितला की जगातल्या मोठ्या बँकेलाही उत्तर द्यावे लागते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

जोहान्सबर्ग, २००२

२६ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २००२ दरम्यान दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गला तिसरी मोठी परिषद झाली. सरकारे सँडटन या श्रीमंत उपनगरातील सभागृहात बसली. काही किलोमीटरवर अलेक्झांड्रा ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती आहे. ३१ ऑगस्टला भूमिहीन, बेघर आणि पाणी-वीज तोडल्या गेलेल्या कुटुंबांचे हजारो लोक अलेक्झांड्रापासून सँडटनपर्यंत चालत गेले. वर्णभेदी राजवट जाऊन आठ वर्षे झाली होती, तरी पाण्याचे खासगीकरण आणि आगाऊ पैसे भरायचे मीटर यांमुळे गरिबांचे नळ कोरडे होते. परिषदेतला विषय पाणी, आणि बाहेरच्या लोकांची मागणीही पाणी.

परिषदेच्या कृती आराखड्यात काही ठोस गोष्टी आल्या. शौचालयाची सोय नसलेल्या लोकांचे प्रमाण २०१५ पर्यंत निम्मे करायचे ठरले. २०१० पर्यंत जैवविविधतेच्या ऱ्हासाचा वेग लक्षणीय कमी करायचे ठरले. ऊर्जेच्या बाबतीत मात्र नूतनीकरणक्षम ऊर्जेचा वाटा किती आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे आकडे अमेरिका आणि तेल उत्पादक देशांच्या विरोधामुळे गळाले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आलेच नाहीत. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या भाषणात सभागृहातच घोषणा झाल्या.

या परिषदेने 'भागीदारी' नावाचा नवा प्रकार आणला. सरकार, कंपनी आणि संस्था यांनी मिळून स्वेच्छेने प्रकल्प जाहीर करायचे. दोनशेहून अधिक भागीदाऱ्या जाहीर झाल्या. सरकारांनी स्वतःची जबाबदारी कंपन्यांच्या मर्जीवर सोडली, अशी टीका नागरी संघटनांनी केली. कंपन्यांना बांधणारा जागतिक कायदा हवा ही त्यांची मागणी होती. आराखड्यात कंपन्यांच्या जबाबदारीचा आणि उत्तरदायित्वाचा उल्लेख आला, कायदा आला नाही.

शौचालयाच्या वचनाचे काय झाले? २०१५ मध्ये ७७ टक्के लोकसंख्येपर्यंत सुधारित स्वच्छता सुविधा पोहोचायला हवी होती, ती ६८ टक्क्यांपर्यंत पोहोचली. सुमारे २४० कोटी माणसे मागे राहिली.

पुन्हा रिओ, २०१२

२० ते २२ जून २०१२ ची परिषद 'रिओ अधिक वीस' म्हणून ओळखली जाते. नेते पोहोचण्याआधीच ब्राझीलने मसुद्यावर सहमती घडवून आणली होती. त्यामुळे राष्ट्रप्रमुखांना ठरवण्यासारखे फार उरले नव्हते. पंतप्रधान मनमोहन सिंग उपस्थित होते. अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटन यांचे सर्वोच्च नेते आले नाहीत.

'आपल्याला हवे असलेले भविष्य' या शीर्षकाच्या दस्तऐवजात २८३ परिच्छेद होते. नागरी संघटनांनी त्याला उत्तर म्हणून 'आम्हाला नको असलेले भविष्य' असे निवेदन प्रसिद्ध केले. पहिल्याच परिच्छेदात हा मसुदा नागरी समाजाच्या पूर्ण सहभागाने तयार झाल्याचे लिहिले होते. संघटनांच्या वतीने सभागृहात बोलणाऱ्या प्रतिनिधीने ते शब्द काढून टाकण्याची मागणी केली. आम्हाला ही बाब फार महत्त्वाची वाटते. आपले नाव वापरून निर्णयाला मान्यता मिळवली जात असेल, तर नाव काढून घेणे हेही एक हत्यार आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्तावर न वाचता सही करणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रसंग जरूर सांगावा.

बाहेर पुन्हा फ्लामेंगो उद्यानातच लोकांची परिषद भरली. तिथे मुख्य वाद 'हरित अर्थव्यवस्था' या कल्पनेवर होता. जंगल, पाणी, हवा यांना किंमत लावून बाजारात आणले की ती वाचतील, हा युक्तिवाद आदिवासी आणि शेतकरी संघटनांनी फेटाळला. ज्याची किंमत ठरते ते पैसेवाल्याच्या मालकीचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. महिला संघटनांचा राग वेगळा होता. प्रजननविषयक हक्कांचे शब्द मसुद्यातून गाळले गेले होते.

तरीही इथूनच पुढच्या उद्दिष्टांची प्रक्रिया सुरू झाली आणि दरवर्षी आढावा घेणाऱ्या 'उच्चस्तरीय राजकीय मंचा'ची स्थापना ठरली.

न्यूयॉर्क, २०१५ आणि त्यानंतर

२५ ते २७ सप्टेंबर २०१५ च्या शिखर परिषदेत १९३ देशांनी '२०३० चा कार्यक्रम' स्वीकारला. १७ उद्दिष्टे, १६९ लक्ष्ये. आधीची सहस्रक विकास उद्दिष्टे आठ होती आणि ती प्रामुख्याने गरीब देशांसाठी होती. ही सर्व देशांना लागू आहेत. 'कोणालाही मागे ठेवायचे नाही' हे त्यांचे मुख्य वचन आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये अर्ध्या मुदतीच्या शिखर परिषदेपुढे आलेले चित्र निराशाजनक होते. मोजता येतील अशा सुमारे १४० लक्ष्यांपैकी निम्मी मार्गावरून घसरलेली होती आणि ३० टक्क्यांहून अधिक लक्ष्यांत काहीच प्रगती नव्हती किंवा पीछेहाट होती. २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार केवळ १७ टक्के लक्ष्ये वेळेत पूर्ण होण्याच्या मार्गावर होती. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेने आमसभेत हा कार्यक्रमच आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले.

टीकेचे मुख्य मुद्दे

या साऱ्या परिषदांवर नागरी संघटनांनी केलेली टीका पाच मुद्द्यांत मांडता येते.

एक, वचन आहे पण शिक्षा नाही. व्यापार करार मोडला तर जागतिक व्यापार संघटनेत दाद मागता येते, शाश्वत विकासाचे वचन मोडले तर फक्त खेद व्यक्त होतो.

दोन, पैसा नाही. विकसनशील देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर हवामान निधी देण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिले गेले. श्रीमंत देशांच्याच हिशेबाने तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता.

तीन, कंपन्या टेबलावर आणि बाधित लोक दाराबाहेर.

चार, स्वेच्छा अहवाल. देश स्वतःच स्वतःची प्रश्नपत्रिका काढतो आणि स्वतःच तपासतो. भारताने असे स्वेच्छा आढावे २०१७ आणि २०२० मध्ये मंचापुढे मांडले. 'वादा ना तोडो अभियान'सारख्या आघाड्यांनी त्यांना जोडून नागरी समाजाचे स्वतंत्र अहवाल तयार केले.

पाच, सरासरीचा पडदा. देशाची सरासरी सुधारते आणि तळाचा समाज तिथेच राहतो.

ही टीका करणाऱ्या संघटनांकडेही आपण डोळसपणे पाहिले पाहिजे. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि इंग्रजी हे तीन अडथळे ओलांडणारेच तिथे पोहोचतात. अनेकदा युरोप-अमेरिकेतील मोठ्या संस्था 'जगातील गरिबांच्या वतीने' बोलतात, आणि आपल्या देशातही वस्तीच्या प्रश्नावर वस्तीबाहेरचे लोक अहवाल लिहितात. सरकारला उत्तरदायित्व विचारणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कार्यकारिणीत कोण आहे, हेही सांगायला हवे.

जात कुठे आहे?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. जोहान्सबर्ग परिषदेच्या आधी एक वर्ष, ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ दरम्यान, दक्षिण आफ्रिकेतच डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. भारतातून मोठ्या संख्येने दलित कार्यकर्ते गेले. संघटनांच्या मंचाच्या जाहीरनाम्यात जातिभेदाचा विषय आला. जात म्हणजे वंश नव्हे, हा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारत सरकारची भूमिका होती. सरकारांच्या अंतिम जाहीरनाम्यात जात हा शब्द आला नाही.

तरी ती लढाई वाया गेली नाही. वांशिक भेदभाव निर्मूलन समितीने २००२ च्या आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत 'वंशपरंपरा' या आधारात जातीसारख्या व्यवस्थांचा समावेश होतो, असे स्पष्ट केले. संयुक्त राष्ट्रांत 'काम आणि वंशपरंपरा यांवर आधारित भेदभाव' ही संज्ञा रूढ झाली.

२०३० च्या कार्यक्रमात जात हा शब्द नाही. दहाव्या उद्दिष्टातील समावेशाच्या लक्ष्यात वय, लिंग, अपंगत्व, वंश, वांशिक गट, मूळ, धर्म आणि आर्थिक वा अन्य स्थिती एवढे आधार येतात. पण १९ व्या परिच्छेदात 'सामाजिक मूळ' आणि 'जन्म' हे दोन शब्द आहेत. शिवाय १७.१८ या लक्ष्यात आकडेवारी उत्पन्न, लिंग, वय वगैरेंसोबतच 'राष्ट्रीय संदर्भात महत्त्वाच्या असलेल्या इतर वैशिष्ट्यांनुसार' वेगळी करून द्यावी असे म्हटले आहे. भारताच्या संदर्भात जातीपेक्षा महत्त्वाचे वैशिष्ट्य कोणते? आपला दावा या वाक्यावर उभा राहू शकतो.

दार किती घट्ट असते त्याचेही उदाहरण आहे. आंतरराष्ट्रीय दलित ऐक्य जाळे या संघटनेने २००८ मध्ये सल्लागार दर्जासाठी अर्ज केला. भारताच्या प्रतिनिधींकडून तिला शंभरहून अधिक लेखी प्रश्न आले आणि दरवेळी अर्ज पुढे ढकलला गेला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये दर्जा मिळाला. चौदा वर्षे उत्तरे देत राहणे हीदेखील चळवळच आहे. आज उच्चस्तरीय मंचाच्या रचनेत काम व वंशपरंपरा यांवरून भेदभाव सोसणाऱ्या समुदायांचा स्वतंत्र गट आहे.

सहावे उद्दिष्ट आणि गटारात उतरणारा माणूस

वचनातील शब्द का मोजायचे, ते एका उदाहरणाने पाहू. सहाव्या उद्दिष्टातील ६.२ हे लक्ष्य सर्वांसाठी पुरेशी स्वच्छता आणि उघड्यावर शौचास जाणे बंद करण्याविषयी आहे. त्यात महिला, मुली आणि असुरक्षित स्थितीतील लोकांच्या गरजांचा उल्लेख आहे. पण शौचालयाची टाकी आणि गटार साफ करणाऱ्या कामगाराचा उल्लेख नाही. म्हणून शौचालयांची संख्या वाढली की लक्ष्याची टक्केवारी वाढते. त्या टाकीत गुदमरून मेलेला माणूस या टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हा दबाव कोणत्याही जागतिक परिषदेने आणला नाही. मृतांची नावे गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो आणला. आता पुढचे पाऊल हे की, आपल्या शहराचा सहाव्या उद्दिष्टाचा अहवाल निघेल तेव्हा त्यात सफाई कामगारांच्या मृत्यूचा रकाना मागायचा.

आम्ही काम करतो त्या एका वस्तीत घरोघरी शौचालये बांधून झाली आहेत आणि कागदावर काम पूर्ण आहे. पाणी मात्र दिवसाआड येते, तेही अर्धा तास. म्हाताऱ्या आया पहाटे अंधारात डबा घेऊन बाहेरच जातात. आमच्या मुलींनी घरटी पाण्याच्या हंड्यांची नोंद महिनाभर ठेवली आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवली. ग्रामसेवकाने आधी "हे तुमचं काम नाही" असे सुनावले. पुढच्या सभेत मात्र जलवाहिनीचा विषय पत्रिकेवर आला. वाहिनी अजून पडलेली नाही, पण तो विषय आता कोणाला पत्रिकेवरून काढता येत नाही.

तरुणांनी काय करावे?

पंचायतराज मंत्रालयाने शाश्वत विकासाचे स्थानिकीकरण करण्यासाठी नऊ संकल्पना ठरवल्या आहेत. त्यांत सामाजिक न्याय व सामाजिक सुरक्षा असलेले गाव ही एक आहे. आपल्या ग्रामपंचायतीने आराखड्यात कोणती संकल्पना घेतली आहे ते विचारा. मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा निधी कुठे खर्च झाला, हे माहिती अधिकारात मागवा. सामाजिक न्यायाची संकल्पना घेतली आणि हा निधी रस्त्याच्या दुसऱ्याच टोकाला गेला असेल, तर विसंगती कागदावरच सापडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे तक्ते जात आणि धर्म दोन्हींनुसार असतात आणि धर्माच्या तक्त्यात बौद्ध-नवबौद्ध असा वेगळा गट आहे. कुपोषण, रक्तक्षय, शिक्षण यांची तुलना त्यावरून करता येते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. भारताच्या पुढच्या आढाव्याच्या वेळी नागरी समाजाचा अहवाल लिहिणाऱ्या आघाड्यांकडे आपल्या जिल्ह्याची माहिती आधीच पाठवून ठेवावी. मसुदा छापून झाल्यावर निषेध करण्यापेक्षा मसुद्याआधी आकडे देणे अधिक परिणामकारक ठरते, हे रिओ ते न्यूयॉर्कच्या इतिहासातून दिसते.

आणि "आपल्या वस्तीचा काय संबंध?" या प्रश्नाचे उत्तर १९४६ मध्येच दिले गेले आहे. संयुक्त राष्ट्रे जेमतेम एक वर्षाची होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेने तिच्याकडे अर्ज केल्याचे समजताच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातील अस्पृश्यही असेच पाऊल उचलण्याच्या विचारात असल्याचे त्यांनी कळवले. दु बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. आधी दस्तऐवज मागवायचा, वाचायचा आणि मग आपली मागणी लिहायची, ही पद्धत बाबासाहेबांची आहे. २०३० ची मुदत जवळ आली आहे. त्या वर्षी सरकारे आपला हिशेब मांडतील, तेव्हा आपल्या वस्तीचा हिशेब आपल्याकडे लिहून तयार असला पाहिजे.